अंतर्गत युनियन की बाहेरची? आधी मॅनेजमेंटचं वागणं तपासा

कारखान्यात युनियन काढायचं ठरलं की पहिला वाद यावरच होतो. आपली आपण अंतर्गत युनियन काढायची, की सीटू, इंटक, भारतीय मजदूर संघ अशा एखाद्या मध्यवर्ती संघटनेशी जोडून घ्यायचं? नोंदणीची अट दोघांना सारखीच आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी तेवढे सभासद लागतात. 7 पेक्षा कमी चालत नाहीत.

अंतर्गत युनियनमध्ये लाइनचा वेग, शिफ्ट, कॅन्टीन यांबद्दल पदाधिकाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही, तो त्याच लाइनवर उभा असतो. वर्गणी आपल्याच खात्यात राहते. पण अध्यक्ष आणि सरचिटणीस दोघंही कंपनीचे नोकर, त्यामुळे चार्जशीट, बदली, निलंबन यांचा धाक थेट त्यांनाच.

बाहेरचा नेता कंपनीच्या पगारावर नसतो. त्याच्यासोबत वकील येतो, कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची माहिती येते, शेजारच्या कारखान्यातल्या कामगारांचा पाठिंबा येतो. नेता परस्पर निर्णय घेईल अशी भीती अनेकांना वाटते, आणि ती रास्त आहे. मात्र कायद्याने बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा 5, यांतल्या कमी आकड्यापुरतेच ठेवता येतात. बहुमत तुमचंच असतं. ते वापरायचं की नाही हे तुमच्या कमिटीवर आहे.

माझ्या मते निवड ठरते ती मॅनेजमेंट तटस्थ राहतं का यावर. मालकाने स्वतः युनियन उभी करणं, सभासद झालेल्यांना टाळेबंदीची धमकी देणं, एका युनियनला झुकतं माप देणं, संघटना उभी राहत असताना ती मोडावी म्हणून नेमकी तेव्हाच पगारवाढ देणं, या सगळ्याला कायदा अनुचित कामगार प्रथा म्हणतो. तरी हे घडतं, आणि त्याची झळ पहिल्यांदा अंतर्गत युनियनला बसते. मॅनेजमेंटने बोलावलेल्या बैठकीतून निघालेल्या कमिटीला तर मी युनियन म्हणणारच नाही.

तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यात हे दिसलं. कामगारांनी सीटूच्या मदतीने युनियन काढली आणि मान्यतेसाठी, म्हणजे मॅनेजमेंटने याच युनियनशी बोलणी करावी यासाठी, सप्टेंबर 2024 पासून 37 दिवस संप केला. संप चालू असतानाच कंपनीने कामगारांच्या वेगळ्या कमिटीशी करार केला. युनियनची नोंदणीही अडली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नोंदणी जानेवारी 2025 मध्ये मिळाली. एवढे दिवस तग धरायला बाहेरचा आधार लागतो, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी बाजू गिरणगावाने भोगली आहे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता होती इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि 1982 च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार गेले कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांबरोबर. बोलणी करायची तर मान्यताप्राप्त संघाशीच, हा मालकांचा हेका सुटला नाही. मान्यता एकदा चुकीच्या हातात गेली की कामगारांचा कौल बदलूनही ती सहज परत येत नाही. आताच्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या किमान 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली एकटी बोलणी करते. तेवढा कुणाकडेच नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. ही व्यवस्था किमान तीन वर्षं टिकते.

म्हणून मॅनेजमेंट खरंच बाजूला राहत असेल, सभासद झालेल्यांना त्रास नसेल, तर अंतर्गत युनियन काढा. त्रास सुरू झाला असेल तर मध्यवर्ती संघटनेशी जोडून घ्या, पण नोंदणी स्वतःच्या नावाने करा आणि बाहेर पडायचा ठराव कसा करायचा हे घटनेत आधीच लिहून घ्या. आणि कोणताही रस्ता धरा, पहिल्या दिवसापासून वर्गणीची पावती फाडा. सभासदसंख्या दाखवायची वेळ आली की त्याच पावत्या कामी येतात.