हुआ हिन की सेंट अँड्र्यूज? नागपूरकर गोल्फरने आधी महिना ठरवावा

एजंटाकडे न जाता स्वतःच आखलेल्या परदेशी गोल्फ सहलीसाठी थायलंडमधील हुआ हिन बरे की स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज, हा प्रश्न बहुतेक जण खर्चापासून सोडवायला घेतात. नागपूरकराने तो रजेपासून घ्यावा, असे माझे मत आहे. मुलांच्या परीक्षा आटोपून मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागला की आपल्याला बाहेर पडावेसे वाटते. पण त्याच सुमारास हुआ हिनमध्येही दमट उकाडा असतो आणि पावसाला तोंड फुटत असते. एका उन्हाळ्यातून उठून दुसऱ्या उन्हाळ्यात अठरा होल खेळायला जाण्यात काय हशील? स्कॉटलंडमध्ये मात्र जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. नाताळच्या सुटीत हेच गणित उलटते, कारण तेव्हा सेंट अँड्र्यूजला दुपारी पावणेचारच्या आतबाहेर सूर्य मावळतो, तर हुआ हिनचा उत्तम हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच असतो.

हुआ हिन बँकॉकपासून रस्त्याने सुमारे ३ तासांवर आहे. तेथील रॉयल हुआ हिन हा १९२४ सालचा कोर्स, म्हणजे गोल्फचे मैदान, रेल्वे स्थानकाला अगदी खेटून असून तो एका स्कॉटिश रेल्वे अभियंत्याने आखला होता. तिथे कॅडी, म्हणजे पिशवी वाहून खेळात मदत करणारी व्यक्ती, घ्यावीच लागते आणि बहुतेक कॅडी स्त्रिया असतात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, ती गुडघ्यांवर बसून उतार पाहते, चेंडूवरील रेघ त्या दिशेला वळवून ठेवते आणि बाजूला होते. आपण फक्त मारायचे. कॅडी फी बहुधा वेगळी द्यावी लागते व टिप अपेक्षित असते, हे ग्रीन फीची, म्हणजे कोर्सवर खेळण्याच्या शुल्काची, तुलना करताना विसरू नये.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पैसे असूनही खेळायला मिळेलच असे नाही. आगाऊ आरक्षण नसल्यास सोडतीत नाव घालावे लागते, तिचा निकाल खेळाच्या २ दिवस आधी लागतो, हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला सोबत लागतो आणि रविवारी कोर्स सहसा बंद राहून गावकऱ्यांना फिरायला मोकळा असतो. म्हणून तिथे किमान ४-५ रात्री मुक्काम ठेवून रोज सोडतीत उतरावे आणि मधल्या दिवसांसाठी तिथल्याच न्यू, ज्युबिली किंवा ईडन यांपैकी कोर्स आधीच राखून ठेवावेत. त्यांना दुय्यम समजणे चूक ठरेल. ‘न्यू’ हा कोर्सच १८९५ सालचा आहे. ओल्ड कोर्सची हंगामातील ग्रीन फी ३०० पौंडांच्या वर आहे, आणि बग्गीची, म्हणजे कोर्सवर फिरवणाऱ्या छोट्या गाडीची, सवय असलेल्यांनी चालण्याचा सराव करूनच जावे. समुद्राकाठच्या त्या टणक जमिनीवर चेंडू हवेत उंच उडवण्यापेक्षा घरंगळत नेणे शहाणपणाचे असते, आणि उन्हाळ्यातल्या आपल्या कडक फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, घडलेल्या हाताला ते फारसे परके वाटत नाही.

सोबत न खेळणारे कुटुंब असेल तर मात्र हुआ हिनच निवडावे.

तिकिटाबाबत दोन्हीकडे एकच खबरदारी आहे. नागपूर ते कोलकाता, मुंबई किंवा दिल्ली हा टप्पा वेगळ्या तिकिटावर घेतल्यास देशांतर्गत १५ किलोंची मर्यादा लागते, आणि गोल्फची भरलेली पिशवी एकटीच जवळपास तेवढी भरते. माझ्या एका सहलीत अशा वेगळ्या तिकिटामुळे जादा सामानाचे पैसे भरावे लागले, वर पिशवी परत मिळाली तेव्हा ड्रायव्हर या लांब क्लबचा दांडा मानेपाशी मोडलेला होता. तेव्हापासून मी नागपूरपासूनच एक तिकीट काढतो, वुड्सची, म्हणजे ड्रायव्हरसारख्या मोठ्या डोक्याच्या क्लबांची, डोकी सुटी करून कपड्यांत गुंडाळतो आणि पिशवीत सर्वांत लांब क्लबपेक्षाही उंच अशी एक जाड काठी उभी घालतो, म्हणजे वरून पडणारा दणका ती काठी झेलते.