घोरताना श्वास अडकतो: घड्याळ, गादीखालची पट्टी की नळीची तपासणी?

बाबांच्या घोरण्याची घरात सगळ्यांना सवय होती. भीती वाटायची ती घोरणं मध्येच थांबायचं तेव्हा. आई अंधारात आकडे मोजत बसायची, आणि मग धाप लागल्यासारखा श्वास सुटायचा. तुमच्याही घरी हे चाललं असेल आणि कुठलं यंत्र घ्यावं असा विचार करत असाल, तर आधी हे बघा की ते यंत्र नेमकं मोजतं काय.

झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यात बहुतेकांचा घसा झोपेत मिटतो. हवा जात नाही, पण छाती आणि पोट श्वास ओढायला धडपडत राहतात. सगळी मेख इथेच आहे.

गादीखालची पट्टी हृदयाच्या ठोक्यांनी आणि श्वासाने अंगाला बसणारे बारीक हादरे टिपते. बंगळूरूच्या डोझीची पट्टी याच तत्त्वावर चालते आणि रुग्णालयांतही वापरली जाते. अंगाला काहीच लावायचं नसल्यामुळे म्हातारी माणसं ती बिनतक्रार वापरतात, हा तिचा फार मोठा गुण. पण घसा बंद असतानाही छाती हलत असेल, तर नुसत्या हालचालीवरून हवा आत गेली की नाही, हे थेट कळत नाही. अंदाज बांधावा लागतो. म्हणून काही कंपन्या घोरण्याच्या आवाजाचीही जोड देतात. एकाच गादीवर दोघं झोपत असतील तर नोंदींत गोंधळ होऊ शकतो. उशाशी ठेवायच्या, रडारलहरींनी छातीची हालचाल टिपणाऱ्या उपकरणांनाही हीच मर्यादा.

घड्याळांचं प्रकरण वेगळं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२४ मध्ये आधी सॅमसंगच्या आणि नंतर ॲपलच्या स्लीप ॲप्निया सुविधेला मान्यता दिली. सॅमसंग रक्तातल्या ऑक्सिजनवरून ठरवतं, ॲपल मनगटाच्या सूक्ष्म हालचालींवरून, तेही ३० दिवसांच्या नोंदी पाहून. ॲपलच्याच अभ्यासात मध्यम ते तीव्र त्रास असलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्केच पकडले गेले. खोटी सूचना मात्र क्वचित आली. म्हणजे सूचना आली तर डॉक्टर गाठा, पण नाही आली म्हणून निर्धास्त राहू नका.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर जागेपणी ९७ दाखवतो, त्यावरून रात्रीचं काहीच कळत नाही. रात्रभर नोंद ठेवणारा हवा. नेलपॉलिश आणि गार बोटं आकडा बिघडवतात. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हेही आपल्याकडे लक्षात ठेवायला हवं.

हवा खरोखर मोजते ती डॉक्टरांनी लिहून दिलेली घरची स्लीप टेस्ट: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. हवा निदान १० सेकंद थांबली किंवा बरीच कमी झाली की एक नोंद. तासाला अशा ५ ते १५ नोंदी म्हणजे सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. उणीव एकच, पण महत्त्वाची: माणूस झोपलाय की जागा, हे यातल्या बऱ्याच संचांना कळत नाही. अर्धी रात्र जागून काढली तरी भागाकार सगळ्या तासांनी होतो आणि आकडा खोटाच कमी येतो. लक्षणं ठळक असून अहवाल चांगला आला, तर झोपेच्या प्रयोगशाळेत (स्लीप लॅबमध्ये) मेंदूच्या लहरींसकट तपासणीचा आग्रह धरा. हृदय निकामी होण्याचा किंवा फुप्फुसांचा मोठा आजार असेल तर सरळ तिथेच जावं.

माझं मत विचाराल तर श्वास थांबताना कुणी डोळ्यांनी पाहिलंय, दिवसा पेंग येते, रक्तदाब आटोक्यात येत नाही, अशा माणसासाठी घड्याळावर पैसे घालवू नका. तो पैसा तपासणीला लावा. नुसती शंका असेल आणि घड्याळ आधीच हातात असेल, तर जरूर वापरा. पट्टी मला पटते ती अंथरुणाला खिळलेल्या माणसावर रोज लक्ष ठेवायला, निदानासाठी नाही.

आम्ही सहा महिने घड्याळाच्या आलेखांवर घालवले. नळीच्या तपासणीत एका रात्रीत कळलं. आता बाबा सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, लावून झोपतात. ते यंत्र श्वासाची रोजची नोंद स्वतःच ठेवतं, त्यामुळे आणखी काही विकत घ्यायची गरज उरली नाही. आईही आता रात्रभर झोपते.