कॅपरडोनिक 21: नऊ महिने, दोन बुचं

व्हिस्कीबद्दल लिहायला बसलोय, पण सुरुवात बुचापासूनच करावी लागणार.

दिवाळीत बाटली फोडली. 1995 ची, 21 वर्षं एकाच बर्बनच्या (म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात मुरलेली, पाणी न घालता भरलेली कॅपरडोनिक, स्कॉटलंडच्या एका बंद पडलेल्या डिस्टिलरीची व्हिस्की. लिलावात 240 पौंडांना पडली, कमिशन आणि पोस्ट धरून 275. म्हणजे मिलीला 39 पेन्स. एवढा हिशेब झाल्यावर पेग हा शब्द तोंडातून निघत नाही. खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं 15 मिली मोजून घेतो. टोपणाला जवळजवळ 6 पौंड.

तर पहिल्याच पिरगळ्याला बूच तुटलं. लाकडी डोकं माझ्या हातात, बाकीचं बाटलीच्या मानेत. कॉर्कस्क्रू घातला तर सगळा भुगा आत. मग चहाच्या गाळण्यावर कॉफीचा कागद ठेवून अख्खी बाटली गाळली आणि तो ओला कागद बराच वेळ हुंगत बसलो, कारण त्यानंही दोन पौंडांची प्यायली होती. लिलाववाल्यांना तीन मेल केले. उत्तर काय, तर जुन्या बाटलीचं बूच खरेदीदाराच्या जोखमीवर. व्हिस्कीची बाटली उभी ठेवायची असते, आडवी ठेवली तर कडक दारू बूच खाते, हे मला कळतं. यांनी ती आडवी पाठवली होती, एवढंच नोंदवून ठेवतो.

मग संपलेल्या बाटल्यांची बुचं साठवण्याच्या माझ्या सवयीचं (बायको हिला रोग म्हणते) सार्थक झालं. डब्यातलं एक बूच असं फिट बसलं की जणू मापानंच कापलेलं.

पहिले दोन महिने चव काय वर्णावी! अननसाचा शिरा पातेल्याला किंचित लागतो, त्याची खरवड. मागून पिकलेलं पेअर, शेवटी जायफळ. ड्रॉपरनं तीन थेंब पाणी घातलं की संत्र्याची साल. चौथा थेंब घालू नका, सगळं सपाट होतं.

जानेवारीत धूर लागला. अगदी हलका, घोट उतरल्यावर. बायकोनं ग्लास हुंगून सांगितलं, ‘‘गावच्या बंबाचा वास येतोय.’’ मी हरखलो. 1990 च्या दशकात कॅपरडोनिकमध्ये पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर सुकवलेल्या माल्टचीही, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचीही, व्हिस्की काढत, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, आपल्या पिंपात तोच अंश असणार, हवा लागल्यावर वर आला. हा सिद्धांत मी पाच जणांना तरी ऐकवला.

मार्चमध्ये तर चक्क गाडी काढून कॅपरडोनिकच्या गावी, रॉथेसला गेलो, ॲबर्डीनहून दीड तास. बघायला काहीच नाही. 1897 मध्ये मेजर ग्रँट यांनी आपल्या ग्लेन ग्रँट डिस्टिलरीसमोर ही दुसरी डिस्टिलरी उभारली, ग्लेन ग्रँट नंबर 2. दोन्हींमध्ये गावच्या रस्त्यावरून पाइप होता आणि त्यातून दारू पलीकडे जायची. पाचच वर्षांत, 1902 मध्ये, बंद. 1965 ला उघडली ती कॅपरडोनिक हे नवं नाव घेऊन, कारण एका नावाच्या दोन डिस्टिलऱ्या कायद्याला चालत नव्हत्या. 2002 ला पुन्हा टाळं, आणि पुढे सगळी पाडली. जागा घेतली शेजारच्या फोरसिथ्सनी, जे जगभरच्या डिस्टिलऱ्यांना तांब्याची भांडी घडवून देतात. हिची दोन भांडी बेल्जियमला गेली आणि तिथे अजून व्हिस्की काढतायत. मी कुंपणाशी उभा राहून आत रचलेलं लोखंड बघितलं, सँडविच खाल्लं, परत आलो. पेट्रोल धरलं तर मिलीचा भाव आणखी चढतो, पण ते सोडा.

एप्रिलमध्ये ग्लासगोचा मित्र आला. बाटली गाळली त्याच दिवशी त्याला 30 मिली शिशीत भरून दिली होती. म्हटलं, धुराबद्दल तुझं काय मत?

‘‘कसला धूर?’’

त्यानं खिशातून शिशी काढली. पठ्ठ्यानं निम्मी शिल्लक ठेवली होती. दोन ग्लासांत शेजारी शेजारी ओतली. त्याच्यात शिरा, पेअर, जायफळ. माझ्यात शिरा, पेअर आणि बंब. अर्धा तास वाद घातला. मी त्याच्या नाकापासून त्याच्या शिशीपर्यंत सगळ्यांना दोष दिला. शेवटी त्यानं माझ्या बाटलीचं बूच काढलं, नाकाला लावलं आणि विचारलं, ‘‘हे कुठल्या बाटलीचं?’’

डब्यातलं ते बूच धुरासाठीच प्रसिद्ध असलेल्या एका बेटावरच्या व्हिस्कीचं होतं. बेटाचं नाव आयला. उच्चार खरंच तसाच आहे आणि त्या क्षणी माझ्या तोंडून तेच निघालं.

आता उरलेली व्हिस्की फिरकीच्या झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवलीय. तीन महिने झाले, धूर किंचित उतरलाय, गेलेला नाही. खरं सांगू? वाईट लागत नाही. पण 275 पौंड मी कॅपरडोनिकचे मोजले होते, बुचाचे नाही.

मित्राच्या शिशीत अजून 10 मिली आहे. परवा फोन करून 39 पेन्सच्या भावानं मागितली. नाही म्हणाला.