१० पट भिंग, आठ महिने गळ्यात: सारखी दिसणारी रानफुलं ओळखताना आलेला अनुभव

आठ महिने झाले हे घडीचं १० पट भिंग वापरतोय. आत तीन काचा एकत्र चिकटवलेल्या असतात, ट्रिपलेट म्हणतात ते, व्यास १८ मिमी. नव्या वस्तूचं कौतुक पहिल्या आठवड्यात सगळेच करतात म्हणून मुद्दाम थांबलो होतो, आता पाऊस, धूळ, ऊन सगळं झालंय तर लिहितो.

याआधी एक मोठ्या काचेचं भिंग होतं, त्यावर ३० पट छापलेलं. कडेला सगळं वाकडं दिसायचं आणि पांढऱ्या पाकळीला निळी-पिवळी किनार यायची. मग एकदा मोजलं. रीत सोपी आहे, लांबच्या खिडकीची प्रतिमा भिंगातून कागदावर स्पष्ट पाडायची, भिंग ते कागद अंतर मिमीमध्ये मोजायचं आणि २५० ला त्याने भागायचं. खरं ३० पट असतं तर अंतर ८ मिमीच्या आसपास यायला हवं होतं, माझं आलं जवळजवळ २५, म्हणजे १० पटच की. त्यामुळे घेताना आकड्यावर जाऊ नका, मोजून बघा.

आता खरा मुद्दा. मी कितीतरी दिवस चिकणा म्हणजे सिडा आणि मालवास्ट्रम ही दोन झाडं एकच समजत होतो. दोन्हीची फुलं छोटी, पिवळी, पाच पाकळ्यांची, दोन्हीला कातरलेल्या कडांची पानं, दोन्ही पायवाटेच्या कडेला. मोबाईलवरच्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपला फोटो दिला तर कधी हे नाव यायचं कधी ते, कारण फोटो सगळे वरून काढलेले आणि वरून फरक दिसतच नाही. आमच्या ग्रुपमधल्या एक ताई म्हणाल्या, "अरे, फूल उलटं करून बघ ना, पाकळ्यांच्या खाली काय आहे ते." उलटं केलं, भिंग लावलं, आणि मालवास्ट्रमच्या हिरव्या वाटीच्या (कॅलिक्सच्या) बाहेर तीन अरुंद, लवदार पट्ट्या स्वच्छ दिसल्या, त्याला एपिकॅलिक्स म्हणतात. सिडाला तो नसतोच, तिथे नुसती वाटी असते आणि तीही बुडाशी कोनेदार. हा फरक एकदा डोळ्यात बसला की नंतर बऱ्याचदा भिंगाशिवायही कळतो, पण पहिल्यांदा बसायला भिंग लागलंच.

खोडावरची लव तर बघत राहावी अशी. चिकण्याच्या मखमली पानावर नुसत्या डोळ्यांना फक्त राखाडी मऊपणा दिसतो, भिंगाखाली ते चांदण्यांसारखे केस निघतात, एका बिंदूतून चहूबाजूंना फुटलेले, एकावर एक दाटीने. मालवास्ट्रमच्या खोडावर मात्र चार हातांचे केस खोडाला लांबीच्या दिशेने चिकटून झोपलेले असतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी गुडघ्यावर बसून दहा-पंधरा मिनिटं तेच बघत होतो.

ओसाडी म्हणजे अ‍ॅजेरेटम, तिचंही तसंच. अ‍ॅजेरेटमच्या दोन जाती जांभळट गोंड्यांवरून वेगळ्या करायला गेलात तर फसाल, गोंड्याखालचे हिरवे छद (गोंड्याला खालून वेढणारी बारीक पानं) बघा. हाउस्टोनियानममध्ये त्यांवर चिकट ग्रंथींचे केस असतात आणि टोक हळूहळू निमुळतं होतं, कोनिझॉइडिसमध्ये चिकटपणा नसतो आणि टोक एकदम अणकुचीदार होतं. केना आणि त्याचा भाऊबंद कॉमेलिना डिफ्यूजा यांना मात्र भिंग काढायचीच गरज नाही, केन्याचं फूल ज्या हिरव्या द्रोणातून येतं त्याच्या कडा खाली जोडलेल्या असतात, डिफ्यूजाच्या सुट्या.

जमिनीला चिकटून वाढणाऱ्या दुधीच्या (भाजीचा दुधी नव्हे, पांढरा चीक येणारं युफोर्बियाचं तण) जातींमध्ये भिंगाची खरी परीक्षा होते. फळ जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं, युफोर्बिया प्रोस्ट्राटामध्ये केस मुख्यतः फळाच्या तीन धारांवर, थायमिफोलियामध्ये सगळ्या फळावर. १० पटीत दिसतं, पण ऊन तिरकं हवं आणि हात स्थिर हवा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, दुधीचा चीक डोळ्यात गेला तर जबर इजा होऊ शकते आणि भिंग वापरताना बोटं डोळ्याजवळच असतात. म्हणून मी दुधी तोडत नाही, आडवा पडून जागेवरच बघतो, आणि चुकून हात लागला तर आधी हात धुतो मग भिंगाला हात लावतो.

धरायची पद्धत आधी चुकीची होती. भिंग फुलाजवळ धरून आपण लांबून बघतो ना, ते नाही करायचं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, चष्मा असेल तर चष्म्याला, हाताचा अंगठा गालावर टेकवायचा आणि मग दुसऱ्या हाताने फूल जवळ आणत जायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर एकदम लख्ख दिसतं. दुसरा डोळा उघडा ठेवायचा म्हणजे थकवा येत नाही. टोपीची सावली फुलावर पडत असेल तर आपण फिरायचं.

तक्रारी आहेतच. तिसऱ्या महिन्यात घडीचा स्क्रू सैल झाला, भिंग आपोआप उघडून काचेला धूळ लागायला लागली, आता महिन्यातून एकदा छोट्या स्क्रूड्रायव्हरने आवळतो. पावसात काचेवर वाफ धरते, तेव्हा थांबण्यावाचून इलाज नाही. सोबत २० पटीचं आलं होतं ते फिल्डवर वापरवत नाही, फूल सव्वा सेंटिमीटरवर आणावं लागतं, अंधारतं आणि वारा आला की संपलंच, घरी टेबलावर मात्र बियांसाठी उत्तम. आणि उन्हात उघडं टाकून उठू नका, वाळक्या गवताला आग लागू शकते.

भिंगाने सगळं सुटत नाही हेही आहे. सिडाच्या आतल्या जातींना फूल पुरत नाही, उपपर्णं, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी असणारी छोटी पानं, बघावी लागतात (सिडा अक्यूटामध्ये जोडीतलं एक रुंद, एक बारीक असतं), पिकलेल्या फळाचे तुकडे मोजावे लागतात, म्हणजे त्याच झाडाकडे काही आठवड्यांनी परत जाणं आलं.

मागच्या महिन्यात जुने फोटो काढून बसलो. सिडा म्हणून नाव दिलेल्या बऱ्याच फोटोंमध्ये फुलाची मागची बाजूच नाही, त्यामुळे ते नक्की कोण होतं हे आता कधीच कळणार नाही, मी त्यांची नावं काढून टाकली. आता कुठलंही पिवळं फूल दिसलं की पहिला फोटो खालून घेतो, भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्याला सपाट टेकवून, कडा काळ्या येतात पण वाटी नीट येते.