रायफलच्या स्टॉकवर बेडलायनर आणि कॅमो रंग: दोन स्प्रे कॅनचा हिशेब

कारखान्यातून येणारा रायफलचा काळा प्लास्टिकचा स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा आणि हातात धरायचा दस्ता, हलका असतो, पावसालाही दाद देत नाही, पण घामेजल्या हातातून साबणाच्या वडीसारखा निसटतो. अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचा यावरचा इलाज आता जुना झालाय: पिकअप ट्रकच्या हौद्याला मारतात ते जाड, खरखरीत बेडलायनर खाली आणि झाडाझुडपांत मिसळणारा कॅमो रंग वर. इथे परीक्षणाला घेतलेली जोडी म्हणजे रस्ट-ओलियमचं ट्रक बेड कोटिंग (425 ग्रॅमचा स्प्रे कॅन) आणि क्रायलॉनचा कॅमोफ्लाज रंग (312 ग्रॅम). नमुन्याला रायफल रुगर 10/22. 1964 पासून बाजारात असलेल्या या .22 कॅलिबरच्या रायफलवर लोकांनी जितके प्रयोग केलेत, तितके फार थोड्या रायफलींच्या वाट्याला आले असतील.

आधी निकाल. बेडलायनरला पाचपैकी चार, कॅमो रंगाला साडेतीन. बेडलायनरचा अर्धा गुण कापला तो त्याच्या नोझलसाठी, उरलेला अर्धा एवढ्यासाठी की एकदा मारलं की माघार नाही. स्ट्रिपर (रंग काढायचं रसायन) लावून काढायला जाल तर बेडलायनरआधी प्लास्टिकच विरघळायचं. माघार नाही, म्हणूनच अक्रोडाच्या लाकडी स्टॉकला हे कोटिंग मुळीच लावू नये. रबर चढवलेल्या मऊ स्टॉकलाही नाही; रबर दबतं, रंग दबत नाही, आणि पोपडे निघतात.

स्टॉक काढताना मॅगझिन बाहेर, चेंबर (झाडायची गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं. 10/22 ला बॅरल बँडचा (नळीला स्टॉकशी धरणाऱ्या पट्टीचा) एक स्क्रू आणि स्टॉक सोडवणारा खालचा टेकडाउन स्क्रू, एवढंच. पण सेफ्टीचं बटण बरोबर मधोमध ठेवल्याशिवाय ॲक्शन, म्हणजे गोळी झाडणारी यंत्रणा, वर उचलली जात नाही. न कळता जोर लावला की स्टॉकची कड चिरते. ॲक्शन बाहेर आली की रिसीव्हरच्या (यंत्रणेच्या धातूच्या डब्याच्या) आडव्या पिना सैल होऊन गळतात, तेव्हा खाली ताट किंवा फडकं असू द्या.

खरं काम पुढे आहे आणि ते कंटाळवाणं आहे. भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्याने स्टॉक धुवा, वाळवा, मग 90 टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. करड्या स्कॉच-ब्राइटने किंवा 320 नंबरच्या पॉलिशपेपरने चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासा आणि पुन्हा पुसा. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब गोळा होऊन बसत असतील तर अजून तेल आहे, किंवा प्लास्टिक पॉलिप्रोपिलीनच्या जातीचं आहे. दुसऱ्या बाबतीत प्लास्टिकसाठीच्या ॲडहेशन प्रमोटरचा (रंग धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक पातळ हात मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रायलॉनचा रंग प्राइमरशिवाय प्लास्टिकला धरतो असं कॅनवर लिहिलंय आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण बंदुकीचा स्टॉक म्हणजे बागेतली खुर्ची नव्हे. त्याने वर्षानुवर्षं सिलिकोनचं तेल प्यायलेलं असतं. रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं दिसली तर दोष कॅनचा नसतो, पुसण्याचा असतो.

मॅगझिनची विहीर (ते बसतं तो खळगा) आणि बॅरलची खाच फोमने व टेपने गच्च बंद करा. बेडलायनरचा थर जाड असतो. विहिरीच्या आत थोडा जरी उडाला, तरी दहा गोळ्यांचं फिरतं मॅगझिन अडकायला लागतं. गालाचा भागही झाकायचा. खरखरीत पोत फक्त पिस्तूल ग्रिपवर आणि पुढच्या हाताखाली हवा. गालाला तो तासाभरात लालेलाल करतो. पूर्ण स्टॉकवर बेडलायनर मारलेले फोटो रुबाबदार दिसतात, वापरणाऱ्याला विचारा.

पोत ठरतो अंतरावर. 20 सेंटिमीटरवरून मारलं तर थर ओला पडतो, पसरतो आणि जवळपास गुळगुळीत होतो. 35 च्या आसपास गेलात तर थेंब हवेतच अर्धे सुकून दाणेदार बसतात. मधल्या अंतराने दोन पातळ हात आणि शेवटचा हात लांबून, असं केलं की संत्र्याच्या सालीपेक्षा जरा जाड, बोटाला धरणारा दाणा मिळतो. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. एका कॅनमध्ये एक स्टॉक होऊन थोडं उरतं. टेप मात्र थर पुरता कडक व्हायच्या आत काढा, नाहीतर कडेची पट्टी टेपबरोबर उचकटून येते. नोझल दर मिनिटाला थिनरच्या फडक्याने पुसायचं. ते तुंबलं की मोठाले थेंब थुंकतं आणि तो ठिपका तसाच राहतो.

कॅमोसाठी किमान एक दिवस थांबा. तळाला सँड किंवा खाकी, त्यावर ऑलिव्ह आणि ब्राउन. कपडे धुण्याची जाळीची पिशवी ताणून धरली की खवल्यांचा नमुना उमटतो. सुकं गवत किंवा फर्नचं पान टेकवून मारलं तर तो अधिक नैसर्गिक दिसतो. सगळ्यात गडद रंग शेवटी आणि सगळ्यात कमी. क्रायलॉनचा हा रंग अगदी मॅट आहे, अजिबात चकाकत नाही. गुण मिळाले ते त्याचे. गेले ते टिकाऊपणाचे. वर मॅट क्लिअरचे (पारदर्शक थराचे) दोन हात दिले तर आयुष्य वाढतं, पण प्रत्येक क्लिअर खरोखर मॅट नसतं, आधी पुठ्ठ्यावर बघा. दोन घटकांचं क्लिअर वापरणार असाल तर त्यात आयसोसायनेट असतं. त्याला कापडी मास्क उपयोगाचा नाही, योग्य कार्ट्रिजचा रेस्पिरेटर आणि मोकळी हवा लागते.

सुरकुत्या पडल्या तर कारण बहुतेक एकच: अर्धवट सुकलेल्या थरावर पुढचा थर. वरच्या रंगातलं द्रावक खालच्याला फुगवतं. पुढचा हात किती वेळात द्यायचा ते कॅनवर छापलेलं असतं. ती मुदत टळली की पुन्हा तिथे दिलेला वेळ थांबायचं, अधेमधे हात घालायचा नाही. हवा 10 ते 32 अंश, आर्द्रता 65 टक्क्यांच्या खाली. म्हणजे कोकणातल्या जुलैत हे काम काढूच नये, क्लिअर पांढुरकं पडतं.

भारतात हाच प्रयोग .177 एअर रायफलच्या सिंथेटिक स्टॉकवर करता येतो. दुकानदार बेडलायनर म्हणून गाडीचं डांबरी अंडरबॉडी कोटिंग पुढे करतो, ते घेऊ नका. उन्हात चिकट होतं आणि तळवा काळा करतं. अमेरिकेतल्या नातेवाइकाला कॅन आणायला सांगणंही व्यर्थ, कारण ज्वलनशील रंगाचे स्प्रे विमानाच्या सामानात चालत नाहीत.

हाताला कोरडा लागला तरी रंग आठवडाभर मऊच असतो. तोवर स्टॉक पट्ट्याला किंवा बायपॉडला (दोन पायांच्या टेकूला) जोडला तर ठसा कायमचा उमटतो. नंतरही नळी साफ करायच्या सॉल्व्हेंटचा थेंब आणि डीट असलेलं डासांचं मलम, दोन्ही कॅमो रंग विरघळवतात. जोडताना टेकडाउन स्क्रू 15 ते 20 इंच-पाउंडच्या पुढे आवळू नका, आणि विहिरीत मॅगझिन पाच-सहा वेळा आत-बाहेर करून बघा. घासत असेल तर 400 नंबरचा पॉलिशपेपर लाकडी पट्टीला गुंडाळून आतली कड हळूच उतरवा.