डिस्प्लेवर कार्बन, खोक्यात ॲल्युमिनियम

कमी पैशांत ट्रायपॉड घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. मुंबईतल्या एका दुकानाने मला ७,८०० रुपयांना चुना लावला. तक्रार अजून चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण त्यांची पद्धत सविस्तर सांगते, कारण ती कुठल्याही काउंटरवर वापरता येण्यासारखी आहे.

मला ट्रायपॉड हवा होता काजव्यांसाठी. मे संपता संपता राजमाची, पुरुषवाडी भागात काजवे चमकायला लागतात ते पाऊस जोर धरेपर्यंत. त्यांचे फोटो म्हणजे अंधारात एकाच फ्रेमचे वीस-तीस सेकंदांचे भरपूर शॉट्स, जे घरी येऊन एकावर एक चढवायचे. मध्येच कॅमेरा केसभर जरी सरकला तरी झाडं दुहेरी दिसतात. त्यात पाठीवर घेऊन चालायचं, म्हणजे वजन कमी पाहिजे. हलका हवा, पक्का हवा आणि आठ हजारांच्या आत हवा, असं गिऱ्हाईक दुकानदाराला दारातच ओळखू येतं.

काउंटरवर बॉल हेडसकट (पायांवरचा, कॅमेरा हवा तसा झुकवून धरणारा गोळ्याचा सांधा) उभा करून ठेवलेला कार्बन फायबरचा ट्रायपॉड खरोखर चांगला होता. मी पाय पूर्ण उघडले, लॉक पिळून पाहिले, हेडवर माझा कॅमेरा चढवून पाहिला. कुठे कुरकुर नाही. खोक्यावर किंमत २२,९९०, ‘मॅडम, तुम्हाला ८,५००ला देतो.’ घासाघीस होऊन ७,८०० ठरले. मग तो सहज म्हणाला, ‘हा डिस्प्लेचा पीस आहे, दहा जणांनी हाताळलेला. तुम्हाला आतून सीलपॅक देतो.’

सगळी मेख इथे आहे. सीलपॅक नको कोण म्हणेल? वरून वाटतं, हा आपलं भलंच बघतोय. आतून खोकं आलं. तेच चित्र, तेच नाव, वर ताणून बसवलेलं प्लास्टिक. उघडून बघू का विचारलं तर ‘सील तोडलं की वॉरंटी जाते.’ (घरी येऊन वॉरंटीच्या अटी वाचायला खोकं पालथं केलं. वॉरंटी कार्डच नव्हतं.) पक्कं बिल मागितल्यावर ‘मग १८ टक्के जीएसटी वर पडेल.’ भाव ठरताना कर वेगळा असं कोणी बोललं नव्हतं. हातात पडली ती एक चिठ्ठी: ‘ट्रायपॉड, १ नग’. मॉडेल नाही, जीएसटी क्रमांक नाही, खाली मात्र ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे ठळक छापलेलं. क्यूआर स्कॅन केला तर फोनवर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. ‘आमचंच खातं आहे, मॅडम.’

खोक्यावर हेडसकट वजन १.३ किलो लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्याने दाखवलं १.९. आमच्या ओळखीचे एक काका लग्नाचं शूटिंग करतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी हातात धरूनच तोंड वाकडं केलं. मग पायाचा सगळ्यात खालचा लॉक पूर्ण फिरवून ती नळी बाहेर काढली आणि तिची कापलेली कड खिडकीकडे धरली. बाहेरून काळी विणलेली नक्षी आणि कडेला चकचकीत रुपेरी धातूचं कडं. नक्षीच्या जोडावर नख घातलं तर काळा थर सालीसारखा उचलला गेला. ‘अगं, कसला कार्बन? ॲल्युमिनियमच्या पाइपाला स्टिकर गुंडाळलाय.’ खऱ्या कार्बन फायबरची नळी कापलेल्या कडेलाही काळीच दिसते. एसी दुकानात हात लावला तर धातू जास्त गार लागतो, ही दुसरी खूण. चुंबक लावून बघा असं काही जण सुचवतात, ते निरुपयोगी. चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि कार्बनलाही नाही.

हेडची गोष्ट त्याहून वाईट. क्षमता लिहिलेली १५ किलो. माझा कॅमेरा आणि वाइड लेन्स मिळून सव्वा किलोच्या आसपास. सरळ उभा ठेवला तर राहतो, पण उभ्या फ्रेमसाठी आडवा झुकवून, बोटं दुखेपर्यंत नॉब आवळूनही तो हळूहळू मान टाकतो. ही १५ किलोची भानगड समजून घ्या. क्षमता कशी मोजायची याचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं प्रमाण नाही. जो तो आपल्या पद्धतीने मोजतो. वजन बॉलच्या बरोबर वर असेल तर साधं हेडही बरंच पेलतं. ते बाजूला झुकलं की बॉल फिरवायला बघतं, आणि खरी परीक्षा तिथे होते. तेव्हा खोक्यावरचा आकडा सोडून द्या. आपला सगळ्यात जड लेन्स लावून कॅमेरा झुकवा, लॉक करा, स्क्रीनवर दूरची एखादी अक्षरं मोठी करा आणि सोडून द्या. अक्षरं खाली-वर सरकली तर हेड घेऊ नका. मग पायाला टिचकी मारा आणि थरथर किती वेळात थांबते ते बघा. मधला कॉलम खाली ठेवूनच बघा. तो वर काढला की चांगला ट्रायपॉडसुद्धा डगमगतो. हे सगळं करायचं ते घरी नेणार त्या पीसवर, डिस्प्लेच्या नाही.

माझं मत विचाराल तर या बजेटमध्ये कार्बनचा नादच सोडावा. मध्यम आकाराच्या एकाच मॉडेलच्या ॲल्युमिनियम आणि कार्बन आवृत्त्यांत साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅमचा फरक असतो. तेवढ्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा साधे जाड ॲल्युमिनियमचे पाय घ्यावेत आणि वाचलेले पैसे हेडवर घालावेत. हेडची प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लावायची पट्टी) आर्का-स्विस या सर्रास चालणाऱ्या पद्धतीची, म्हणजे साधारण ३८ मिमी रुंदीची असली तर पुढे हेड बदललं तरी प्लेट वाया जात नाही.

दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. ‘सील तुम्ही तोडलंत’ आणि ‘हा माल आमचा कशावरून?’ अशी दोन उत्तरं मिळाली. काउंटरवर तो डिस्प्लेचा पीस तसाच उभा होता, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं हीसुद्धा. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. त्यामुळे चिठ्ठीवरच्या त्या ठळक ओळीला घाबरायचं कारण नाही. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. तिथे निभलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. पुरावा म्हणून माझ्याकडे यूपीआयची नोंद, चिठ्ठी, काट्यावरचा फोटो आणि त्या रुपेरी कडेचा जवळून घेतलेला फोटो आहे.

हेल्पलाइनकडून विचारणा झाल्यावर दुकानातून फोन आला. ‘मॅडम, चार हजार घ्या आणि तक्रार मागे घ्या.’ म्हटलं, पूर्ण पैसे द्या आणि सोबत पक्कं बिल द्या. त्यावर अजून उत्तर नाही. आयोगाचा अर्ज भरून ठेवलाय.