जळगाव : कॉलनीच्या बागेतलं व्हॉलीबॉल मैदान

मैदान मापात आहे: 18 बाय 9 मीटर, शिवाय रेषांबाहेर चारी बाजूंना 3 मीटर मोकळी जागा. सार्वजनिक बागेत ही जागा सहसा बाकडी आणि फुलझाडं खाऊन टाकतात. इथे ती राखली आहे, हे फार मोलाचं. लांबी उत्तर-दक्षिण, त्यामुळे संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येत नाही.

दुखणं खांबांचं आहे. खाली आपली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पाया उथळ असल्याने पूर्वेचा खांब आत झुकलाय, म्हणून नेट कितीही ताणलं तरी मध्ये झोळ पडतो. पुरुषांसाठी मध्यभागी उंची 2.43 मीटर हवी, टोकांना त्याहून फार तर 2 सेंटिमीटर जास्त. खेळण्याआधी टेप लावाच. वरच्या पट्टीत सुती दोरी आहे, तिथे स्टीलची तार हवी. पण काळी माती काढून, मुरूम ठोकून, काँक्रीटमध्ये खांब नव्याने बसवल्याशिवाय हे दुखणं जाणार नाही.

महिलांसाठी 2.24 मीटरची खूण खांबावर रंगवली आहे, उत्तम. मे महिन्यात मैदानावर पाणी मारलं नाही तर खडे वर येतात आणि डाइव्ह मारताच कोपर सोलतं. दिवे नाहीत.